आधी भोक मोजा, मग कमोड घ्या

तुमचा प्रश्न वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा: डोंबिवलीत १९८८ सालची चार मजली इमारत, तुम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर. घरात एक स्वतंत्र संडास, साधारण तीन फूट बाय चार फूट, त्यात इंडियन पॅन. बेडरूमला जोडून बाथरूम आहे, त्यातही इंडियनच. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बाबा मात्र ‘मला इंडियनशिवाय होत नाही’ म्हणतात. दुकानदाराने वॉल-हंग, म्हणजे भिंतीला टांगलेला कमोड आणि भिंतीत लपणारी टाकी असा सेट सुचवलाय. प्लंबर म्हणतो, साधा एस ट्रॅप घ्या आणि मोकळे व्हा. आणि बहिणीकडे न्यू जर्सीला पाहिलेला, सगळं पाणी खळ्ळकन ओढून नेणारा कमोड तुमच्या मनात बसलाय. यातला कोणता घ्यावा, टाकी घ्यावी की फ्लश व्हॉल्व्ह, आणि एवढ्याशा जागेत हे बसेल का?

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जुन्या इमारतींत संडास-बाथरूमची कामं करणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे तुमचं घर न बघताही बरंचसं डोळ्यांसमोर येतं. तरी ‘अमुक मॉडेल घ्या’ असं मी सांगणार नाही. मॉडेल शेवटी ठरतं. त्याआधी मैल्याचा पाइप नेमका कुठून बाहेर जातो, गच्चीवरच्या टाकीचं पाणी तुमच्यापर्यंत किती जोराने येतं आणि त्यावर बसणारं माणूस कोण आहे, हे बघायचं. दुकानात यातलं काहीच विचारत नाहीत. तिथे रंग विचारतात.

पाइपापासून सुरुवात करू. कमोडच्या पोटात पाणी अडवून धरणारं एक वळण असतं, तोच ट्रॅप. त्यात साधारण दोन इंच उंचीचं पाणी कायम उभं राहतं आणि गटारातला वास घरात येऊ देत नाही. हे वळण पुढे जमिनीत खाली उतरलं तर एस ट्रॅप, मागे भिंतीत आडवं गेलं तर पी ट्रॅप. यात चांगला-वाईट असं काही नाही. तुमचा पाइप जमिनीत असेल तर एस, भिंतीतून बाहेर जात असेल तर पी.

तुमच्या काळातल्या इमारतींत बहुतेक वेळा संडास बाहेरच्या भिंतीला लागून असतो आणि बिडाचा उभा पाइप भिंतीच्या बाहेरून खाली उतरतो. संडासात शिरताना एक पायरी चढावी लागते का? लागत असेल तर पॅन आणि त्याखालचा ट्रॅप त्या ओट्याच्या भरावात बसवलेला आहे आणि तिथून आडवा पाइप भिंतीतून बाहेर गेलाय. अशा ठिकाणी ओटा काढून जमीन बाहेरच्या पातळीला आणली, की ते भोक बऱ्याचदा पी ट्रॅपच्या उंचीच्या आसपास येतं. म्हणजे प्लंबर म्हणतो तो एस ट्रॅप कदाचित तुमच्याकडे लागायचाच नाही. ‘कदाचित’ अशासाठी, की पॅन उखडल्याशिवाय हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पायरी नसेल आणि खाली स्लॅब बुडवलेला, म्हणजे बाकी खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असेल, तर गणित उलटं होतं आणि तुमचा प्लंबर बरोबर ठरतो.

आता एक गोष्ट जरा नीट वाचा, कारण इंडियन काढून वेस्टर्न बसवताना सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. इंडियन पॅनला स्वतःचा ट्रॅप नसतो. तो पॅनच्या खाली वेगळा बसवलेला असतो. वेस्टर्न कमोडला ट्रॅप पोटातच असतो. म्हणून पॅन काढला की खालचा जुना ट्रॅपही काढून तिथे सरळ पाइप किंवा बेंड टाकला पाहिजे. तोडफोड वाचवायला काही जण नुसता पॅन काढतात आणि जुन्या ट्रॅपच्या तोंडावरच नवा कमोड ठेवून देतात. वरून काही कळत नाही. पण आता एकामागे एक दोन ट्रॅप झाले, मधे हवा कोंडली. फ्लश केला की पाणी आधी वर चढतं, मग गुडगुड करत हळूहळू उतरतं, आणि थोड्याच दिवसांत तुंबायला लागतं. लोक कमोडच्या कंपनीला शिव्या घालतात, कंपनीचा माणूस येऊन टाकी तपासून जातो, आणि दोष मात्र फरशीखाली पुरलेला राहतो. पॅन निघाल्यावर तुम्ही स्वतः समोर उभे राहा, मोबाइलची बॅटरी लावून भोकात बघा. पुढे पाण्याचं वळण दिसलं तर ट्रॅप अजून तिथेच आहे.

मोजमाप कसं घ्यायचं तेही सांगतो. एस ट्रॅपला मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर धरायचं. आपल्याकडे ४, ९ आणि १२ इंच अशी मापं सर्रास मिळतात. पी ट्रॅपला जमिनीपासून भिंतीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतची उंची धरायची, ती साधारण ७ इंच, म्हणजे १८० ते १८५ मिलिमीटर लागते. दोन्हींत भिंत आणि जमीन म्हणजे टाइल लावून पूर्ण झालेली भिंत आणि जमीन. नुसत्या विटेवरून १२ इंच मोजलं आणि वर प्लास्टर, मसाला, टाइल चढली की दीड इंच गेलाच. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवणार असाल तर त्याचीही जाडी धरा. एक-दीड इंच ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने कमोडची टाकी भिंतीला टेकून कमोड भोकावर बसतच नाही. मग प्लंबर वाकडा कनेक्टर आणतो. तो चालतो, नाही असं नाही, पण ४ इंची पाइपाचं तोंड तिथे आकसतं आणि पुढे तुंबलंच तर ते तिथेच तुंबतं. नवीन काम करताना कनेक्टरने वेळ मारून नेऊ नका, पाइपच सरकवून घ्या.

म्हणून माझा क्रम असा: आधी पॅन उखडा, भोक बघा, मोजा, आणि मग दुकानात जा. तुमच्याकडे दुसरा संडास आहे, चार दिवस अडणार नाही. दुकानातली सूट रविवारी संपते म्हणतात, पण ती पुढच्या रविवारीही असते.

आता जागेचं बघू. तीन फूट रुंदी पुरेशी आहे. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंती किमान १५ इंच लांब हव्यात. तुमच्याकडे टाइल धरूनही त्याहून जास्तच मिळतात. अडचण लांबीची आहे. चार फूट म्हणजे ४८ इंच. टाकीसकट येणारा कमोड भिंतीपासून २६ ते २८ इंच पुढे येतो. उरले २० ते २२. गुडघ्यासमोर २१ इंच तरी मोकळे हवेत, २४ असले तर उत्तम. म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. निवडताना लांबीचा आकडा बघा आणि २६ च्या पुढचा घेऊ नका.

दुकानदार म्हणणार, म्हणूनच तर वॉल-हंग घ्या, जागा वाचते. कुठल्या भिंतीत, ते त्याला विचारा. वॉल-हंगचं भांडं २० ते २२ इंच असतं हे खरं, पण त्याची टाकी आणि लोखंडी फ्रेम कुठेतरी बसवावी लागते. बाहेरची ९ इंची भिंत खोदून टाकी आत घालायची तर पावसाळ्यात झोडपली जाणारी भिंत आपल्याच हाताने पातळ करून ठेवायची. आतली असेल तर ती ४ इंची, खोदली की उरतं काय? मग भिंतीपुढे नवं ६ इंची खोकं बांधायचं. २२ आणि ६ मिळून झाले २८. वाचलं काय, तर पुसायला सोपी अशी कमोडखालची जमीन. ती सोय मी कमी लेखत नाही, आणि नव्या इमारतीत जाडी आधीच धरलेली असेल तर वॉल-हंगसारखं काम नाही. त्यावर वजन पेलत नाही हीसुद्धा नुसती भीती आहे. युरोपीय मानकात या भांड्यांवर ४०० किलोंचा भार टाकून बघतात. प्रश्न भांड्याचा नसून तुमच्या भिंतीचा आहे. तरीही घ्यायचाच असेल तर पूर्ण उंचीची, पाय जमिनीला बोल्ट होणारी फ्रेम घ्या. अर्धी फ्रेम सगळा भार विटांवर टाकते. आणि टाकीचे भाग पुढे पाच-सात वर्षांनी त्या बटणाच्या पट्टीतूनच काढावे लागणार, म्हणून ज्या कंपनीचे सुटे भाग डोंबिवलीत मिळतात तीच कंपनी.

फ्लशचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. कमोड साफ होतो तो पाणी किती आहे यापेक्षा ते किती झपाट्याने सुटतं यावर. सहा लिटर पाणी तीन-चार सेकंदांत आलं पाहिजे, म्हणजे सेकंदाला दीड-दोन लिटर. तुमच्या नळाला कमी दाबाने मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी येत असेल, म्हणजे सेकंदाला फार तर एक षष्ठांश लिटर. टाकी नेमकं इथे कामाला येते. ती हळूहळू भरते आणि एकदम रिकामी होते. नळाला धार बारीक असली तरी तिला फरक पडत नाही, दोनाऐवजी पाच मिनिटं लागतील इतकंच.

फ्लश व्हॉल्व्हमागे असा साठा नसतो. ते सेकंदाला दीड-दोन लिटर त्याला थेट पाइपातून लागतात. त्यासाठी सव्वा किंवा दीड इंची स्वतंत्र पाइप हवा आणि वर पाण्याची उंची हवी. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. तुम्ही सगळ्यांत वर आहात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तुमच्या व्हॉल्व्हच्या वर फार तर दहा-बारा फूट, म्हणजे तीन-साडेतीन मीटर. दाब झाला पाव-अर्धा बार. तेवढ्यात व्हॉल्व्ह नीट चालत नाही, उघडला तर पाणी नुसतं ओघळतं, कधीकधी बंदच होत नाही. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तोच व्हॉल्व्ह झकास चालतो, म्हणून ते तुम्हाला शिफारस करतील. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. तुमच्यासाठी टाकीच.

जुन्या लोकांना बिडाची उंच टाकी आणि साखळी आठवत असेल. ती डोक्याच्याही वर असायची याचं कारण हेच: पाणी उंचावरून पडून वेग घ्यायचं, बारीक पाइपही पुरायचा. टाकी खाली आली तशी तिच्या बुडाचं तोंड रुंद करावं लागलं.

आता न्यू जर्सीचा कमोड. तुम्ही पाहिलात तो सायफोनिक. त्याच्या पोटातलं वळण लांब आणि अरुंद असतं. फ्लश केला की ते वळण पाण्याने पूर्ण भरतं, सायफन लागतो आणि भांड्यातलं सगळं ओढून नेतो, शेवटी हवा शिरली की तो ‘खळ्ळ’ आवाज येतो. भांड्यात पाण्याचा पसारा मोठा, त्यामुळे वास कमी, डाग कमी. आपल्याकडे जास्त करून मिळतो तो वॉशडाउन. त्यात पाणी वरून कोसळून मैला ढकलतं, वळण आखूड आणि रुंद. डाग जरा जास्त पडतात, ब्रश फिरवावा लागतो. पण तुंबत नाही, आणि लाइट गेली, टाकी रिकामी झाली, तर अर्धी बादली जोरात ओतून काम भागतं. सायफोनिकमध्ये बादलीने सायफन लावायला बादलीचाही हात बसलेला असावा लागतो.

शिवाय सायफोनिक कमोड बहुतेक जमिनीत उतरणारे, १२ इंची मापाचे असतात, कारण अमेरिकेत तेच माप रूढ आहे. तुमचा पाइप भिंतीतून जात असेल तर हा विषय तिथेच संपला. जमिनीतून जात असेल तरी दिवसातून एकदाच पाणी येणाऱ्या वरच्या मजल्यावर मी वॉशडाउनच बसवीन. बहिणीकडे चोवीस तास भरल्या दाबाने पाणी आहे, तिथे तो कमोड योग्य आहे.

लिटरचा हिशोब करताना अमेरिकेचाच एक धडा उपयोगी पडतो. तिथे १९९२ च्या कायद्याने नव्या घरगुती कमोडना एका फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे जेमतेम ६ लिटरची मर्यादा घातली. ती १९९४ पासून लागू झाली. सुरुवातीच्या बऱ्याच कमोडमध्ये पाणी कमी केलं, पण भांड्याची घडण जुनीच राहिली. लोक दोनदा-तीनदा फ्लश करायचे, म्हणजे बचत शून्य. भांडं नव्याने घडवल्यावर मग ते जमलं. म्हणून टाकी आणि भांडं ही जोडी असते हे लक्षात ठेवा. ६ लिटरच्या भांड्यावर ४ लिटरची टाकी लावू नका, टाकीत वीट किंवा पाण्याची बाटली ठेवून हुशारी करू नका. पाण्याची पातळी थोडी कमी करायचीच असेल तर बॉलकॉकचा स्क्रू आहे.

तुम्ही ३ आणि ६ लिटरची, दोन बटणांची टाकी घ्या. दोन बटणांची ही युक्ती १९८० साली ऑस्ट्रेलियात बाजारात आली, तेव्हा मोठं बटण ११ लिटर सोडायचं. आता घरचा हिशोब बघा. माणूस दिवसातून पाच वेळा गेला, त्यात एकदा मोठं आणि चारदा छोटं बटण, तर ६ आणि १२ मिळून १८ लिटर. चार माणसांचे ७२. जुनी १० लिटरची टाकी असती तर २०० लिटर. रोजचा १२८ लिटरचा फरक टँकर मागवणाऱ्या सोसायटीत चांगलाच जाणवतो. बाजारात २ आणि ४ लिटरवालेही आहेत, पण तुमच्या इमारतीतला जुना, आतून खरबरीत झालेला बिडाचा पाइप बघता मी तितक्या कमी पाण्यावर जाणार नाही. भांडं साफ झालं म्हणजे मैला खालच्या चेंबरपर्यंत पोचला असं नसतं. आडव्या पाइपाला दर तीन फुटांमागे पाऊण-एक इंच उतार मिळतोय ना, हे पाइप झाकण्याआधी लेव्हल लावून बघून घ्या.

आईंच्या सोयीचं आता. दुकानदार ‘कम्फर्ट हाइट’ म्हणून १७ ते १९ इंच उंचीचा कमोड पुढे करील. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उंच बैठक बरी हे खरं, कारण उठताना गुडघा कमी वाकतो. पण ही उंची सगळ्यांनाच सोयीची नसते. आपल्याकडच्या पावणेपाच-पाच फुटी बाईंचे पाय १९ इंचांवर अधांतरी राहतात, मांडीखाली कड रुतते आणि पायांना जोर लावता येत नाही. आईंना घरातल्या खुर्चीवर बसवा, पायात रोजची स्लीपर असू द्या, पाऊल जमिनीला पूर्ण टेकलेलं असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर टेपने घ्या. सीटची उंची त्याहून एक-दीड इंच वर चालेल, त्याहून जास्त नको. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका. आणि कॅटलॉगमधला आकडा सीट कव्हरसह आहे की नुसत्या भांड्याचा, ते विचारा, तिथे पाऊण-एक इंचाचा फरक पडतो. साधा १६ इंची कमोड आणि गरज असेल तितके महिने वर ठेवायची काढता येणारी उंच सीट, हा बऱ्याच घरांत सगळ्यांना सोसणारा उपाय ठरतो.

आधाराचा दांडा कमोडपेक्षा महत्त्वाचा. सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड इंच सुटा, सीटच्या वर आठ-दहा इंचांवर, ज्या बाजूचा हात बळकट त्या बाजूला. तो विटेत अँकर फास्टनर ठोकून बसवायचा, टाइलमध्ये नुसता स्क्रू मारून नाही. बसवल्यावर तुम्ही स्वतः त्याला लोंबकळून बघा. टॉवेलच्या दांड्याला आधाराचा दांडा समजू नका, तो पडताना माणसाला घेऊन पडतो. आणि संडासाचं दार. जुनी दारं आत उघडतात. चार फुटांच्या खोलीत आतलं माणूस चक्कर येऊन दाराशी पडलं तर दार उघडता येत नाही. बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असं करून घ्या आणि कडी बाहेरूनही नाण्याने उघडता येईल अशी लावा. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

बाबांशी भांडू नका. दोन संडास असताना एक इंडियन ठेवायला काय हरकत आहे? फक्त कोणता, हे विचारपूर्वक ठरवा. रात्री आईंना उठावं लागलं तर वेस्टर्न जवळ हवा, म्हणून बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये वेस्टर्न आणि स्वतंत्र संडासात इंडियन, असा उलटा विचारही करून बघा. मग वर केलेलं चार फुटांचं सगळं गणित तुमच्यापुरतं सुटतं. बाथरूमची लांबी-रुंदी तुम्ही लिहिली नाहीत. ती पाच फुटांची असली तर मी डोळे झाकून हेच करीन. इंडियन पॅन बदलायचा झाला तर ओरिसा पॅन घ्या, २३ इंची. पावलं ठेवायची जागा त्यातच घडवलेली असते, जुन्या लांब पॅनसारखे सुटे पायठे बसवावे लागत नाहीत. त्यालाही टाकी लावा, पण बाबांसाठी समोरच्या भिंतीवर एक उभा दांडा हवाच.

अँग्लो-इंडियन मात्र आणू नका, कोणी कितीही ‘दोन्हींचं काम एकात’ म्हटलं तरी. म्हाताऱ्या माणसाने १६ इंच उंच ओल्या काठावर उकिडवं चढून बसायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरी म्हातारं माणूस नसावं.

वन-पीस की टू-पीस? वन-पीस दिसायला सुबक, सांधा नसल्यामुळे पुसायला सोपा, पण जड आणि महाग. तुमच्याकडे लिफ्ट नसेल तर चार मजले चढवताना दोन माणसं लागतील, आणि टाकीला तडा गेला तर पूर्ण कमोड बदलायचा. टू-पीसमध्ये टाकी आणि भांडं यांच्यामधला रबर वॉशर काही वर्षांनी बदलावा लागतो. साधा कमोड आणि मागे भिंतीवर प्लास्टिकची टाकी हा तिसरा प्रकार दिसायला सामान्य, पण त्याचा कुठलाही भाग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. भाड्याच्या घरात मी तोच बसवतो. तुमच्या घरी टू-पीस.

रिमलेसबद्दलही सांगतो, म्हणजे ज्याला आत वळलेला पोकळ काठ नसतो तो कमोड. बोअरचं पाणी मिसळत असेल तर रिमलेस चांगला, कारण काठाखालच्या भोकांत क्षार साचून ती बुजतात आणि फ्लश एकाच बाजूने पडू लागतो. क्षारांना ॲसिड ओतू नका. त्याने नळाचं पॉलिश आणि सांध्यांमधलं सिमेंट जातं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा. क्षारांमुळेच टाकीच्या बुडाचा वॉशर नीट बसेनासा होतो आणि पाणी आवाज न करता झिरपत राहतं. टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर वॉशर गेला.

बसवताना दोन गोष्टींवर अडून राहा. भांड्याखाली पांढरं सिमेंट ठासून भरू देऊ नका. उद्या कमोड काढायची वेळ आली तर तो फुटूनच निघेल. बोल्ट, पाइपाच्या तोंडाला रबरी कनेक्टर, आणि कडेने सिलिकॉन, तेही मागच्या बाजूला दोन बोटं जागा सोडून. खालचा सांधा गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल. पूर्ण बंद केलंत तर ते तुम्हाला दिसण्याआधी खालच्या शेजाऱ्यांच्या छताला दिसेल. दुसरं म्हणजे टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर दोन इंच पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवायचं, आणि खाली जाऊन छत बघायचं. खालच्यांकडे आधीपासून ओल आहे का, याचे फोटो काम सुरू करण्याआधी त्यांच्यासमोर काढून ठेवा. सोसायटीला पत्र देताना तेच जोडा.

तुम्ही वरच्या मजल्यावर आहात याचा एक फायदाही आहे. गच्चीवर जाऊन तुमच्या संडासाचा उभा पाइप वर आलेला दिसतो का ते बघा. त्याच्या तोंडाला जाळीची टोपी असते. पाइपात हवा ये-जा करायला ती वाट लागते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा पत्र्याची शेड करताना ही टोपी कापून वर सिमेंट थापलेलं मी बऱ्याच इमारतींत पाहिलंय. मग कोणी फ्लश केला की पाइपात पोकळी होऊन ट्रॅपमधलं दोन इंच पाणी ओढलं जातं आणि नव्याकोऱ्या कमोडमधून वास येतो. तोंड बंद असेल तर कमोडवर एक रुपया खर्च करण्याआधी ते उघडून घ्या.

पॅन निघाला की भोकाची उंची किंवा भिंतीपासूनचं अंतर, बाथरूमची मापं आणि आईंच्या गुडघ्यापर्यंतची उंची इथे लिहा, म्हणजे लांबी आणि ट्रॅप पक्का करून देतो. प्लंबरचे शेवटचे पैसे मात्र पाणी भरून दोन दिवस झाल्यावर आणि खालचं छत कोरडं दिसल्यावरच द्या. कमोडच्या खोक्यावरचा मॉडेल नंबरही फोटो काढून ठेवा. सीट कव्हर काही वर्षांनी तुटतंच, आणि ‘डी’ आकाराचं म्हणून आणलेलं कव्हर दुसऱ्या ‘डी’ आकाराच्या भांड्यावर बसेलच असं नाही.